नर अंजिराच्या दोन टोपल्या

७ जून

नऊ दिवस झाले. एका जागी नऊ दिवस! लाराशला स्ट्रॉबेरी भरायच्या कामावर होतो, तिथून आठव्याच दिवशी पळालो होतो. इथे रमजानात टेंपोतून उतरलो ते फक्त रोजा सोडायला. रस्त्याकडेच्या घरातून एका म्हातारीने, लाल्ला तामूने (लाल्ला म्हणजे बाई), हाक मारली – "ए, बांग झाली, तोंडात काय माती घालणार आहेस?" – आणि हरीऱ्याचा, डाळ-टोमॅटोच्या सुपाचा, वाडगा पुढे केला. तो प्यायलो. मग कुणीतरी कुदळ दिली. मग ईद झाली. अजून इथेच.

या गावाला नावसुद्धा धड नाही. खमीस म्हणजे गुरुवार. गुरुवारी बाजार भरतो म्हणून गुरुवार! उरलेले सहा दिवस एक चहाचं दुकान, एक पंक्चरवाला आणि रस्ता. रस्ता मात्र छान आहे. दोन्हीकडे जातो.

सोमवारी निघायचं.

८ जून

ही वही मिळाली तीही चौकटींची, गणिताची. सातवीत शाळा सोडली ती याच चौकटींमुळे.

११ जून

सोमवार गेला. निघालो नाही.

आज लाल्लाबरोबर अंजिरांत फिरलो. सत्तर झाडं आहेत तिची, घरामागच्या उतारावर. चाळीस पांढरी, तीस काळी. पांढरी आधी येतात, काळी आठ-दहा दिवसांनी. लाल्लाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा कामापुरता. पण ती फळ बघतच नाही. अंगठा लावते. कच्च्या अंजिराच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, त्याला ती तोंड म्हणते. अंगठा लावते, मान हलवते, पुढच्या झाडाकडे. "याचं रविवारी उघडेल. याचंही रविवारी. हा आळशी, रविवारीच पण उशिरा."

मी म्हणालो, उघडलं तर काय होतं?

थांबून बघितलं माझ्याकडे. "कुठल्या गावचा तू? तुमच्याकडे अंजिरं आकाशातून पडतात?"

तर असं आहे. ही झाडं मादी. नर झाड वेगळं. त्याची फळं कुणी खात नाही, भुसा असतो नुसता. पण त्या भुशात बारीक चिलटं जन्मतात. ती नर फळं चार-पाच एका माळेत ओवायची, मादी झाडाच्या फांदीला टांगायची. सकाळी चिलटं निघतात, उघड्या तोंडातून अंजिरात शिरतात, की फळ धरलं. तोंड उघडलेल्या दिवसांत चिलट आलं नाही तर फळ तीन आठवड्यांत पिवळं पडून गळतं. इथले लोक याला झाडाला जेवू घालणं म्हणतात. न घातलेलं झाड ते उपाशी झाड. मी खूप हसलो. मग हसू थांबलं, कारण चहा प्यायला येणारा प्रत्येक जण हेच बोलतोय – कुणाची कधी उघडणार, नर कुठे मिळणार. एप्रिलात गारा पडल्या. गावातली नर फळं सगळी झोडपून गेली. लाल्लाच्या दोन नर झाडांवर पानांशिवाय काही नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन. खालिक, टँजिअरला असतो. लाल्ला फोन पाटावर ठेवून ओरडून बोलते, म्हणून सगळ्या उताराला ऐकू जातं.

"आई, चौथा मजला आहे पण लिफ्ट आहे."

"लिफ्टने वर जाऊन करू काय? वर काय पिकतं?"

"तुला दिसत नाही, आई. गुडघा धरतो. परकी पोरं ठेवतेस कामाला." (परकी पोरं म्हणजे मी.)

"झाडांना काय डोळ्याने बघतात?" मग जरा थांबून, हळू – हळू म्हणजे तिच्या मानाने – म्हणाली, "ऐक खालिक. ज्या वर्षी माझा अंगठा चुकेल, त्या वर्षी मुकाट्याने येईन. हे बघ, भाकरीवर हात ठेवलाय." आणि खरंच ठेवला. फोनमधून त्याला काय दिसणार! पण ठेवला.

१३ जून, गुरुवार

बाजार. तीन-चारच टोपल्या आल्या नरांच्या, त्याही नको त्या भावाने. एक शेजारच्या सी मफद्दलने उचलली. हा आमचा बांधाला बांध असलेला शेजारी, मोठा माणूस म्हणून सी म्हणायचं. दिवसभर बांधावर बसून माझ्याकडे बघतो. "काय अय्याद, अजून इथेच? पायाला डिंक लागला की काय?" रोज तेच.

मला वाटलं लाल्ला पण एक टोपली घेणार. तिने एक फळ फोडलं, बोटाने चाचपलं, परत ठेवलं. "यातली चिलटं उद्या निघतील. माझी झाडं रविवारी तोंड उघडणार. उद्या जेवण घेऊन करू काय?"

सी मफद्दल म्हणाला, "लाल्ला, झाडं तीच, डोंगर तोच. मी उद्या टांगतोय. तू रविवारपर्यंत थांबलीस तर बंद तोंडं बघत बसशील."

"बंद तोंडाला घास देणारा तू!"

सगळे हसले.  परतताना ती म्हणाली, डोंगरावरच्या गावात गारा पडल्या नाहीत, तिथली नर फळं उशिरा पिकतात, शनिवारी पहाटे तोडली की रविवारी सकाळी चिलटं निघतील. तू जा. त्याच्या पैशांसाठी ती शेळी बाजारात विकून आली होती. मला कळलंच नाही, मी मडक्यांवर रंगकाम करणाऱ्या एका माणसाकडे बघत बसलो होतो.

मला तीनदा सांगितलं, बोटांवर मोजून. ओला कपडा काढायचा नाही. ऊन लागू द्यायचं नाही. थांबायचं नाही. "ऊन लागलं की चिलटांना वाटतं सकाळ झाली, झाड आलं. ती निघतात."

मी म्हणालो, हो हो हो.

१५ जून, शनिवार

लिहायचं की नाही. लिहितो. इथे तर लिहितो.

काल दुपारी हम्मादीच्या टेंपोने वर गेलो, तो डोंगरावर फेऱ्या मारतो. वर गारवा, अक्रोडाची झाडं, एक म्हातारी. तिच्या अंगणात नर अंजीर, केवढं तरी! पहाटे तिने कंदील धरला, मी तोडली. दोन टोपल्या, वर ओला कपडा. म्हातारी म्हणाली, "हात लावून बघ, आत गुणगुण आहे." मी कान लावला. काही ऐकू आलं नाही, पण तरी वाटलं ऐकू आलं.

हम्मादीने सातला पुलावर उतरवलं. त्याला तिथून दुसऱ्या रस्त्याला जायचं होतं. पुलापासून खमीस चालत एक तास. आठला घरी! लाल्ला टोपल्या रात्रभर तळघरात गारव्याला ठेवणार होती.

पुलाजवळच्या घरात लग्न होतं. ईदेनंतर घरोघर लग्नंच आहेत. सनया वाजत होत्या, दोन, एकमेकींशी भांडल्यासारख्या. मी फक्त थांबलो. टोपल्या भिंतीच्या सावलीत ठेवल्या. नीट ठेवल्या. कपडा बघितला. मग ढोलवाल्याच्या हाताला फोड आले होते, त्याने विचारलं येतं का. येतं! टँजिअरला बंदरात शिकलो होतो, रिकाम्या पिंपांवर. मी वाजवलं. बायकांनी आरोळ्या ठोकल्या. मग बिसारा आला, वाटलेल्या कडधान्याचं दाट सूप, वर तेल, जिरं. मग पुन्हा वाजवलं. नवरदेवाचा काका म्हणाला, "कुणाचा रे हा? ठेवून घ्या याला!" कुणी असं म्हणालं नव्हतं मला कधी. ठेवून घ्या.

दुपारच्या बांगेला भान आलं.

सावली गेली होती. भिंतीची सावली भिंतीच्या पायाशी आली होती, बोटभर. टोपल्या उन्हात. कपडा वाळून पापड. उचलला तर – धूर. धूरच वाटला. चिलटं. उरलीसुरली. बाकीची आधीच कपड्याच्या कडेने निघून गेली होती. त्या लग्नघराच्या दारात एक अंजीर आहे, जुनं, कुणी न विचारलेलं. त्याच्याभोवती सगळी घोंघावत होती. त्याला जन्मात इतकं जेवण मिळालं नसेल.

एक फळ फोडलं. रिकामं. दुसरं. रिकामं. पाच फोडली, मग फोडायचं बंद केलं.

घरी दोनला पोचलो. लाल्ला दारातच. "उशीर?" मी म्हणालो टेंपो उशिरा आला. कपडा वाटेत ओढ्यात भिजवून घेतला होता. तिने कपड्यावरून हात फिरवला, ओला लागला. "शाबास," म्हणाली.

१६ जून, रविवार

पहाटेपासून टांगलं. ती माळा ओवते, मी चढतो. चाळीस झाडं. प्रत्येक झाडापाशी ती आधी अंगठा लावते, "उघडलं! बघ, बरोबर आज." चाळीसही उघडी होती. चाळीसही.

तिला चिलटं दिसत नाहीत. कधीपासूनच दिसत नाहीत. ती मला विचारते, "उडतायत?"

मी म्हणालो, उडतायत.

१७ जून

चार झाडांखाली जाऊन बसलो. एकही नाही.

१८ जून

सी मफद्दल बांधावरून: "अय्याद, तुमच्या झाडांवर काही हलताना दिसत नाही रे."

मी काही बोलायच्या आत लाल्ला आतून ओरडली, "दुसऱ्याची झाडं बघायला तुझे डोळे बरे, सी मफद्दल! स्वतःच्या बायकोला बाजारात ओळखत नाहीस!"

तो हसला. मी पण हसलो. 

तोंड अजून दोन-तीन दिवस उघडं राहतं म्हणे. आज सांगितलं तर आज काही करता येईल. डोंगरावर जाता येईल, कुणाकडे मागता येईल. उद्या सांगितलं तर कमी. परवा तर काहीच नाही. हे मला समजतंय! सातवी नापास असलो तरी एवढं गणित येतं. तीनदा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा तिने मला मीठ आणायला पाठवलं. दुसऱ्यांदा ती नमाज पढत होती. तिसऱ्यांदा ती माझ्या फाटक्या शर्टाला टाका घालत होती.

१९ जून

नाही सांगितलं.

२० जून, गुरुवार

बाजारात नर फळं संपली. एकसुद्धा टोपली नाही. लाल्ला काळ्या झाडांसाठी घ्यायला गेली होती, रिकामी आली. "तीस काळी आता अल्लाच्या भरवशावर. पांढरी तरी झाली."

पांढरी तरी झाली.

पिशवी भरली. बूट, वही, एक शर्ट. ती शेजारी गेली होती. रस्त्यावर उभा राहिलो. हात दाखवल्यावर पहिलीच गाडी थांबली. कांदे होते आत. मी कांद्यांवर बसलो आणि खमीस मागे गेलं. इतकं सोपं! नेहमीच इतकं सोपं असतं.

२२ जून

लाराशला पोचायचं होतं. पोचलो नाही. मला पळूनसुद्धा सरळ जाता येत नाही.

फाट्यावर कांदेवाला चहाला थांबला, रात्री तिथेच झोपला. मी पण. सकाळी तिथे एक माणूस डोंगराकडे लाकूड न्यायला निघाला होता. गप्पा. त्याच्या कुत्र्याच्या एका कानाची लांबलचक गोष्ट. ती संपेपर्यंत मी त्याच्या गाडीत होतो आणि गाडी चढ चढत होती. मुद्दाम केलं का? नाही माहीत. पण काल संध्याकाळी मी त्याच म्हातारीच्या अंगणात होतो.

"पुन्हा?" ती म्हणाली. "एवढी झाडं आहेत तुमची?"

झाडावर वरच्या शेंड्याला थोडी उरली होती. खिशात काही नव्हतं. तिने माझ्या बुटांकडे बघितलं. तिच्या नातवाच्या मापाचे आहेत म्हणे. काढून दिले.

या वेळी आधी कपडा शिवला टोपलीला. सुईने. पुलावर उतरलोच नाही, हम्मादीला म्हणालो मला खमीसपर्यंत सोड. "पाच मैलांचा वळसा पडतो बाबा." पाय दाखवले. सोडलं त्याने.

लाल्ला दारात. दोन दिवस कुठे होतास, एवढंही नाही. "बूट कुठे?"

"चोरीला गेले."

"तुझे बूट चोरणारा एवढा गाढव कोण?" मग टोपली बघितली. टाके सोडले, हात आत घातला, एक फळ कानाशी नेलं. माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. "काळ्यांसाठी गेलास! न सांगता! अनवाणी!"

इतकं लाजिरवाणं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

२३ जून

काळ्यांवर टांगलं. उडत होती. खरोखर उडत होती, मानेवर, कानात, डोळ्यांत. तिने विचारायच्या आत मी ओरडलो – उडतायत!! दोनदा ओरडलो. ती म्हणाली, "बरं बरं, बहिरी नाहीये मी."

३ जुलै

पांढरं पहिलं फळ गळलं. पिवळं, सुरकुतलेलं, बोटाच्या पेराएवढं.

५ जुलै

सकाळी उठलो तर उतारावर टप. टप. वारा नाही काही नाही. टप. लाल्ला झाडाखाली गुडघ्यांवर बसून वेचत होती. परडीभर. मी म्हणालो, मी वेचतो. म्हणाली, राहू दे.

बांधालगतची तीन झाडं मात्र धरलीत. गच्च. सी मफद्दलच्या माळांतून दोन दिवस उशिरा निघालेली चिलटं बांध ओलांडून आलेली. ती त्या तीन झाडांपाशी खूप वेळ उभी राहिली. फळं चाचपली. मग बांधापलीकडची, त्याची चाचपली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं ती काय हिशोब करतेय. तो शुक्रवारी टांगत होता. ती रविवारी. त्याची धरली.

तिच्या हिशोबात चूक नाही. फक्त एक गोष्ट तिला माहीत नाही.

८ जुलै

जवळजवळ सगळी गेली. उतारावरून चालताना पायाखाली चिकट.

सी मफद्दल आला. टोमणा नाही. पहिल्यांदाच बांध उतरून अंगणात आला, टोपी हातात. "लाल्ला, मी काही जास्त शहाणा नाही. माझं नशीब."

"नशीब नाही," ती म्हणाली. "तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. साठ वर्षं या अंगठ्याने तोंडं वाचली. नवऱ्याचं चुकायचं, सासऱ्याचं चुकायचं, ते मला विचारायला यायचे." मग अंगठा समोर धरून बघितला. कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. "मेला हा."

तो म्हणाला काळी अजून टिकलीत की.

"आंधळ्याने मारलेला दगड कधी लागतोही."

मी तिथेच होतो. कोनाड्याजवळ. चहाचा ट्रे हातात. तीन पेले होते, तिन्ही गार होईपर्यंत धरून उभा राहिलो.

९ जुलै

तिने खालिकला फोन केला. ओरडून नाही. पहिल्यांदा मला काय बोलली ते ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं ऐकू आलं – "हो, शुक्रवारी."

१० जुलै

आज डाळीत दोनदा मीठ पडलं, आणि ती बोटाने चव घेऊन म्हणाली, "आता हेही कळेना." मीठ मी घातलं होतं आधी! मी! तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि तिने तेही स्वतःच्या खात्यात टाकलं!

आता ती प्रत्येक गोष्ट दोनदा बघते. चूल विझली का, दार लावलं का, कोंबड्या किती. महिन्यापूर्वी या बाईने बाजारात सगळ्यांसमोर सी मफद्दलला गप्प केलं होतं. हे अंजिरांचं नुकसान नाही राहिलं. अंजिरं पुढच्या वर्षी येतात.

११ जुलै, गुरुवार

भांडी गोण्यांत. रजया बांधल्या. मी बांधल्या, तिने गाठी तपासल्या. कोंबड्या सी मफद्दलच्या बायकोकडे. काळ्या झाडांची राखण तो करणार. मला म्हणाली, "तू कुठे जाशील?" मी म्हणालो माझं काय, रस्ता आहे. "हो," म्हणाली, "तुझं बरं आहे."

दुपारी पंक्चरवाल्याकडे गेलो. एक ट्रक लाराशला निघाला होता, जागा होती. ड्रायव्हर म्हणाला, बसतोस? सगळी हवा भरून होईपर्यंत तिथे उभा राहिलो. तो दोनदा म्हणाला, बसतोस का रे? नाही बसलो.

१२ जुलै, शुक्रवार

खालिक आला. सामानाला हम्मादीचाच टेंपो. सगळं चढलं, लाल्लाला पुढे बसवलं. सी मफद्दल दार धरून उभा. मी बोललो. कसं बोललो माहीत नाही, उलटं-सुलटं, आधी ढोल मग टोपल्यांतली फळं. रिकामी होती. पंधरा तारखेलाच रिकामी होती. मला माहीत होतं टांगताना. तुझा अंगठा बरोबर होता, रविवारच बरोबर होता, मी रिकामी टांगली.

हम्मादी म्हणाला, "सातला उतरवलं होतं मी याला पुलावर! सातला!" खालिकने कानाखाली मारली. अजून शिट्टी वाजतेय कानात. दुसरी मारणार होता.

लाल्लाने आतून विचारलं, "उघडी होती ना? चाळीसही?"

"चाळीसही."

 तिने दार ढकललं, सी मफद्दलच्या खांद्याला धरून खाली उतरली. काठी घेऊन माझ्याकडे येते आहे असं वाटलं. मी डोळे मिटले. ती माझ्या बाजूने टेंपोच्या मागे गेली.

"आधी गोण्या उतरव," म्हणाली. "मग तुझं बघते."